जोरात वाजीव, दत्ता

मी एक जुनी ढोलकी आहे. म्हसळ्याजवळच्या एका वाडीत, देवळातल्या खुंटीवर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, माझं अंग फणसाच्या लाकडाचं आणि दोन्ही तोंडांना कातडं. दोन्हीकडून मार खायचा आणि लोकांना नाचवायचं, हा माझा जन्माचा धंदा. तीस वर्षं गौरी-गणपतीतला जाखडीचा नाच माझ्याच तालावर झाला. बक्षिसं मिळाली, हार पडले. पण आज मला स्वतःचं कौतुक सांगवत नाही. खुंटीवर स्वस्थ राहवतही नाही.

आमच्या नाचमंडळाचा गवई गणराज. गळा असा, की ऐकणारा जेवण विसरेल. गेली तीन वर्षं संध्याकाळच्या तालमीला तो नेहमी उशिरा यायचा. त्याचं घर देवळामागेच. तिथून त्याच्या बायकोचं, नलूवहिनींचं कळवळून ओरडणं ऐकू यायचं. मग मंडळातलं कुणीतरी खाली बघत म्हणायचं, "दत्ता, जोरात वाजीव रं." आणि माझा वादक दत्तात्रेय मला जोरात वाजवायचा. ते ओरडणं माझ्या आवाजात बुडून जायचं. थोड्या वेळानं गणराज केस विंचरून यायचा आणि देवाचं गाणं म्हणायचा! बारा धडधाकट पुरुष, पण एकाची मान वर होत नसे. गवई रुसला तर नाच बसेल, ही सगळ्यांना धास्ती. मी आतल्या आत कुढत असे. मला हातपाय नाहीत; त्यांना तर होते.

यंदा श्रावणात एका दुपारी दत्ता माझी दोरी ओढत बसला होता. गणराजची सहा वर्षांची आरोही खांबाआडून म्हणाली, "काका, ढोलकी वाजवू नको ना."

"का गं?"

"ती जोरात वाजली की बाबा आईला मारतो."

पोरीला कारण उलटं कळलं होतं. मार आधी असायचा, माझा आवाज नंतर.

त्याच संध्याकाळी पुन्हा ओरडणं आलं. कुणीतरी म्हणालं, "दत्ता, जोरात..."

दत्तानं मला जमिनीवर ठेवलं. "आज न्हाय. आज आयका."

सगळ्यांनी ऐकलं. भांडं आपटलं. "अवो, पोर बघतेय," असं नलूवहिनी रडत म्हणाल्या. दत्ता उठला. त्याच्यामागून एकेक करत सगळे उठले.

"गणराज, भायेर ये!"

"ह्यो माझ्या घरातला मामला हाय. तुमी तालीम करा."

"घरातला, तर मी तीन वर्सं ढोलकी कशाला बडवली? चूक माझीबी हाय. आता हात उचललास तर आमी मधी उभे हाव." मग तो दाराकडे वळला. "वहिनी, तुमाला काय पायजे?"

"पोलिसात जायचं हाय. पन एकटीला भ्या वाटतं."

दत्ता आणि त्याची बायको सगुणा मायलेकींना रिक्षातून म्हसळ्याला घेऊन गेले. आपण काय ऐकत होतो आणि ऐकून काय करत होतो, हे दत्तानं जबाबात सगळं सांगितलं.

यंदाचा नाच गणराजशिवाय झाला. गाणं बेसूर झालं, लोक हसले. हसू देत. नलूवहिनी आता माहेरी असतात. गणपतीला त्या आरोहीला घेऊन सगुणाकडे आल्या होत्या. माझा पहिला ठोका पडला आणि आरोहीनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

मित्रांनो, माझी दोरी ओढा, मला ओलाव्यापासून जपा. मुलांनो, मला खुशाल बडवा, मार खायला मी आहे. पण शेजारून रडणं ऐकू आलं, तर मला खाली ठेवा आणि उठा. त्या पोरीचे हात कानांवरून खाली येईपर्यंत मला चैन पडायचं नाही.