सतरा नंबरची खाच

सिन्नरच्या अलीकडे आमच्या गावात काळ्या दगडाचं जुनं देऊळ आहे. मी, सावळीराम, तिथला सरकारी पहारेकरी होतो. रोजंदारीवरचा. देवाशी माझं काही देणं-घेणं नव्हतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देवांचे टाक मी स्वतः नाशिकला नेऊन गोदावरीत सोडले होते. पण माझ्या बापाला ज्या देवळाची पायरी चढू दिली नाही, त्याच्या कुलपाची किल्ली माझ्या कमरेला होती, आणि ती वाजवत चालायला मला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू!

देवळाच्या मागच्या भिंतीला खाचा होत्या. वीतभर लांब, बोटभर खोल. बायका तांब्याचा ढब्बू पैसा घेऊन यायच्या, तोंडातून अक्षर न काढता दगड खरवडायच्या आणि भुकटी पदरात बांधून न्यायच्या. दुधातून घेतली की पोटातलं मूल टिकतं, अशी समजूत.

१९७७ साली पुरातत्त्व खात्याचे दाबके साहेब जीप घेऊन आले. त्यांनी सगळ्या खाचांना नंबर दिले, लोखंडी पट्टीनं खोली मोजली आणि वहीत लिहून घेतली. साहेब तरुणपणी इजिप्तला जाऊन आले होते. त्यांनी मला फोटो दाखवला. हजारो वर्षांचं देऊळ, आणि त्याच्या भिंतीवर अगदी अशाच खाचा.

"तिकडंही औषधाला खरवडत होते का, साहेब?" मी विचारलं.

"नक्की कुणालाच माहीत नाही. औषध असेल, नवस असेल. पण बघ, बऱ्याच खाचा बाहेरच्या भिंतीवर आहेत. ज्यांना आत प्रवेश नव्हता, त्यांनी बाहेरून मिळेल तेवढा देव नेला असावा."

मी तो फोटो बराच वेळ धरून बसलो. माझी आजीही अशीच मागच्या बाजूनं आली होती. तीन लेकरं गेल्यावर तिनं लिंबाकडच्या कोपऱ्यातली खाच खरवडली आणि माझा बाप जगला, असं आई सांगायची. साहेबांनी त्या खाचेला सतरा नंबर दिला होता.

जाताना साहेब म्हणाले, "तीन वर्षं एकही खाच वाढू देऊ नकोस. तुला कायम करायची शिफारस मी करतो."

आता बायकांना अडवणार कसं? हाकललं की शिव्या घालायच्या. मी जेवायला गेलो की हजर. शेवटी मला भिकन पाथरवट सापडला. भिकन पाटे-वरवंट्यांना टाकी लावून द्यायचा, आणि त्याच्या छिन्नीखाली काळ्या दगडाची भुकटी पडायची. ती मी आणली, फडक्यातून गाळली आणि वर्तमानपत्राच्या पुड्या बांधल्या. बायकांना सांगितलं, "सरकारनं भिंतीची भुकटी यंत्रानं काढून ठेवलीय. हातानं खरवडलेली आता लागू पडत नाही." सरकारचं नाव घेतलं की लोक काहीही मानतात. साहेबांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. अडीच वर्षं एकही खाच केसभर वाढली नाही, आणि मी स्वतःला मोठा शहाणा समजत होतो.

ऐंशीच्या श्रावणात माझी लेक विमल माहेरी आली. जावई ओझरच्या विमानाच्या कारखान्यात. तिची दोन मुलं पोटातच, पाचव्या महिन्यात गेली होती. या वेळी दिवस राहिल्यावर जावयानं तिला नाशिकच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि सांगितलं, बाळंत होईपर्यंत उठायचं नाही. टाका घातला की मूल धरून राहतं, हे मला तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात चिमणाबाई आली. आमच्या पलीकडच्या गल्लीतली, तोंडाची फटकळ पण मनाची निर्मळ. तिच्या सुनेचंही विमलसारखंच व्हायचं. दोनदा गेलं होतं, तिसऱ्यांदा दिवस होते.

"दादा, एक पुडी द्या. चांगली बगून द्या."

'नाशिकला ने तिला' हे शब्द माझ्या ओठावर आले होते. पण नाशिकला धाडायचं म्हणजे पुडी खोटी म्हणायची; ते गावभर होणार, बायका पुन्हा भिंतीवर तुटून पडणार, आणि साहेब यायला चारच महिने राहिलेले. मी चांगली बघून पुडी दिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरी माझी बायको सुमन म्हणाली, "विमलसाठी भुकटी आणा. तुमची नको. खरी."

"आपण हे मानत नाही, सुमन."

"मी तरी कुठं मानते? पण आणा."

मी भांडलो. बावीस प्रतिज्ञांची आठवण करून दिली. डॉक्टरनं टाका घातलाय म्हणालो. ती विमलच्या पायांना तेल लावत राहिली. मग मी जुन्या डब्यातला ढब्बू पैसा शोधला आणि सतरा नंबरची खाच खरवडली. एक शब्द न बोलता, रिवाजाप्रमाणे. लाज वाटत होती, आणि तरी हात थांबत नव्हता.

कार्तिकात चिमणाबाईच्या सुनेचं पाचव्या महिन्यात गेलं. पुढं विमलला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, रडून घर डोक्यावर घेणारी.

मध्यंतरी साहेब येऊन गेले. सतरा नंबरला पट्टी लावून म्हणाले, "दोन मिलिमीटर वाढलीय. कुणी?"

"मी."

"अरे, पुड्या होत्या ना तुझ्याकडे?"

"त्या लोकांच्या लेकींसाठी होत्या, साहेब."

साहेबांनी वही मिटली. कायम व्हायचं तिथंच राहिलं. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. खरं बोललो, असंच वाटलं.

मग एक दिवस चिमणाबाई देवळाशी आली. हातात नवं झबलं आणि टोपडं.

"नातीला घ्या. विमललाबी तीच पुडी दिलती ना, दादा? तिला गुण आला. आमच्याच नशिबात नाय."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण ते झबलं तिनं स्वतः शिवलं होतं. सुनेच्या बाळासाठी शिवलेलं असणार.

"नाही," मी म्हणालो. "पुडीत पाट्याची भुकटी होती. विमलला नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी टाका घातला."

ती टोपड्याच्या बंदाशी चाळा करत राहिली.

"मी पुडी मागाया आले, तवा घातला व्हता टाका?"

"होता."

"मंग मला का नाय सांगितलं?"

"भिंत वाचवायची होती."

तिनं भिंतीकडे पाहिलं. नंबर टाकलेल्या खाचा एकेक करत लिंबाच्या कोपऱ्यापर्यंत पाहिल्या. सतरा नंबरची ताजी खरवड काळ्या दगडात पांढरी दिसत होती.

"मंग," ती म्हणाली, "वाचली का?"

झबलं माझ्या हातात ठेवून ती गेली.