धाकट्या फादरांची रांग

शनिवारी गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला की माणसं कुमसाराला, म्हणजे पापं कबूल करायला, देवळात यायची. कबुलीच्या लाकडी पेट्या दोन. डावीकडच्या पेटीत मोठे फादर बस्त्याव, उजवीकडच्या पेटीत धाकटे फादर इनास. आणि रांग? उजवीकडं पार दाराबाहेर कडुनिंबापर्यंत! डावीकडं एकटी बजाबाई, तीही गुडघे दुखतात म्हणून. ती पेटी दाराला जवळ पडायची.

मोठे फादर पडद्याच्या फटीतून ती रांग बघायचे आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. काय कमी केलं होतं हो त्यांनी या लोकांसाठी? तापाच्या साथीत मढी उचलली, देवळावर छप्पर घातलं, बिशपांपुढं हात पसरून शाळा उभी केली. वसईची हिरवीगार वाडी सोडून या सोलापूरच्या उन्हात करपले. आणि हा परवा आलेला बेळगावकडचा पोरगा! ना धड दाढी, ना आवाज. पण कानडी बोलायचा, आणि साळ्यांच्या बाया त्याच्यापाशी माहेरचं माणूस भेटल्यासारखं मन मोकळं करायच्या. मोठ्या फादरांना इतक्या वर्षांत कानडी आली नाही. त्यांनी कधी शिकायचं मनावर घेतलं नाही, असंही म्हणता येईल.

शेवटी त्यांनी युक्ती काढली. "इनास, मोहोळकडं आपल्या लोकांची चार घरं आहेत. दर शनिवारी तिकडं जात जा."

धाकटा "बरं, फादर" म्हणाला आणि निघालासुद्धा. आता बघू कुठं जातात, म्हणून मोठे फादर पेटीत जाऊन बसले. रांग काही डावीकडं सरकली नाही. माणसं दारातूनच माघारी फिरली. "धाकटं फादर आल्यावर येऊ की, काय गडबड हाय?" हे मोठ्या फादरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. तरी पुढच्या शनिवारी त्यांनी इनासला मोहोळला धाडलंच.

नेमकी त्याच संध्याकाळी साळ्यांची म्हातारी ईरम्मा शेवटच्या घटका मोजू लागली. तिचा मुलगा सिद्धाराम धावत आला आणि मोठे फादर पवित्र तेल घेऊन गेले. म्हातारी कानडीत भराभरा बोलत होती, रडत होती. जन्मभराचं काहीतरी तिला सांगून टाकायचं होतं. फादरांना एक अक्षर कळेना. ते नुसती मान हलवत राहिले, मग लॅटिनमध्ये क्षमेचे शब्द म्हटले. धर्माच्या दृष्टीनं सगळं रीतसर झालं. पण म्हातारीचे डोळे दाराकडंच. "सण्ण फादर बंद्रा?" धाकटे फादर आले का? एवढं मात्र त्यांना कळलं. तेच विचारत ती गेली.

आता पंचाईत अशी, की फादरलाही कुमसार चुकत नाही, आणि तो दुसऱ्या फादरपाशीच करावा लागतो. सोलापुरात फादर दोनच. दर आठवड्याला दोघं आळीपाळीनं एकमेकांपुढं गुडघे टेकायचे. मोठे फादर राग सांगायचे, जिभेचे चोचले सांगायचे. हे एक तेवढं गिळून टाकायचे. ज्याच्यावर जळतो त्याच्याच कानात कसं सांगायचं? पुण्याला जाऊन सांगता आलं असतं. पण ईरम्माची ती नजर त्यांना तेवढा धीर धरू देईना. त्यांनी इनासपुढं गुडघे टेकले आणि सगळं ओकून टाकलं. इनासनं क्षमेचे शब्द म्हटले.

दुसऱ्याच दिवशी मोठ्या फादरांनी बिशपांना कळवलं, मला मोकळं करा, प्रकृती साथ देत नाही. अजून साठीही न गाठलेला धडधाकट माणूस, कुणाला पटणार? त्यांची स्वयंपाकीण चंद्रव्वा नळावर बोलून गेली, "खुर्चीसाठी धाकट्यानंच काडी घातली, दुसरं काय!" झालं, घरोघरी तेच. आणि कुमसारात ऐकलेलं तर मरेपर्यंत कुणाला सांगायचं नसतं. इनासला सगळं ठाऊक, पण तोंड शिवलेलं.

पुढच्या शनिवारी उजवीकडं चिटपाखरू नव्हतं. रांग डावीकडं लागली होती. मोठे फादर पेटीत बसले, आणि खोटं कशाला बोला, त्यांना फार गोड वाटलं.

निरोपाच्या रविवारी मिस्साची प्रार्थना संपता संपता सिद्धाराम भर देवळात उभा राहिला. "मोटं फादर, तुमी जाऊ नका. ह्याला घालवा! माजी आई मरताना ह्यो कुटं भटकत हुता, इचारा की!"

इनासचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं मान खाली घातली. मोठ्या फादरांनी नुसतं गप्प राहायचं होतं, बस्स. देऊळभर माणसं त्यांच्यासाठी रडत होती. हेच तर त्यांना हवं होतं.

"त्याला मी धाडलं होतं, सिद्धाराम," ते म्हणाले. "तुम्ही सगळे त्याच्याकडं जाता, ते मला बघवत नव्हतं म्हणून. तुझ्या आईचं शेवटचं बोलणं माझ्यामुळं कुणालाच कळलं नाही. मी जातोय तो त्यासाठी. इनासचा यात काडीचाही दोष नाही."

सिद्धाराम त्यांच्याकडं बघतच राहिला. मग वळला आणि इनासच्या पायांशी कोसळून हमसाहमशी रडू लागला. त्याच्यामागून चंद्रव्वा उठली, तिच्यामागून बाकीचे. बघता बघता सगळं देऊळ इनासभोवती गोळा झालं.

वेदीजवळ मोठे फादर एकटेच उरले. खरं बोललं की मन हलकं होतं, असं त्यांनीच किती जणांना सांगितलं होतं. त्यांनी ती गर्दी पाहिली, इनासच्या खांद्यावरून फिरणारे हात पाहिले, आणि पोटात पुन्हा तीच आग भडकली, जराही कमी नाही. गाडीला अजून पुष्कळ अवकाश होता. तरी त्यांनी पिशवी उचलली आणि मागच्या दारानं स्टेशनची वाट धरली.