लाडक्या विमानाला निरोप

“या विमानानं आपल्याला कधीच दगा दिला नाही,” हवाई दलाच्या वसाहतीत, निवृत्त होणाऱ्या विमानाच्या निरोप समारंभात निवेदक म्हणाला, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या वैमानिकाच्या विधवेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच जातीच्या विमानानं तिचा नवरा गिळला होता. चौकशीत खापर मात्र त्याच्याच माथी फोडलं: चूक वैमानिकाची.

“वहिनी, दोन शब्द बोला. गोड बोला हं,” निवेदकानं माईक दिला.

“गोड कशाला? खरं बोल गं,” शेजारून सासूबाई फणकारल्या.

“ह्यांची चूक नव्हती,” ती म्हणाली. “इंजिन बिघडलंय, हे ह्यांनी उड्डाणाआधीच

विमान.

शेवटची सलामी द्यायला ते नेमकं तेव्हाच कानठळ्या बसवत डोक्यावरून गेलं. तिचे ओठ हलत राहिले. सगळी वसाहत माना वर करून टाळ्या पिटत होती.

“वा, वहिनी! काय भावना!” निवेदकानं माईकसाठी हात पुढे केला.

“भावना गेल्या खड्ड्यात. माझं वाक्य अर्धं राहिलंय.” तिनं माईक घट्ट धरला. “उड्डाणाआधीच कळवलं होतं. तरी पाठवलं. कोणी पाठवलं, तेही सांगते.”

व्यासपीठावरचे मोठे साहेब घाईघाईनं उठले.

“बसा, साहेब,” ती म्हणाली. “तुमचंच नाव घेतेय.”