विजयमालाबाईंची विनंती

कुणाच्या घरी दुःख झालं की पहिल्या तासाभरात विजयमालाबाई तिथं हजर, हे चौसाळ्याच्या चर्चमध्ये सगळ्यांना पाठ होतं. महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, त्याचा हात धरायचा, डोळे मिटायचे आणि देवाला सगळं सविस्तर सांगायचं : रोग कोणता, दवाखाना कोणता, जावई बघायला आला की नाही. देवाचा पत्ता चुकू नये म्हणून गल्लीसुद्धा सांगायच्या. मन लोण्याचं होतं, यात शंका नाही. फक्त लोणी झाकून ठेवायची सवय नव्हती.

म्हणूनच, तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला आणि सून करिष्मा गुरुवारी बीडच्या दवाखान्यातून घरी आली, तेव्हा अंथरुणावर टेकायच्या आधी तिनं सासूकडं एकच गोष्ट मागितली.

“मम्मी, कुणाला सांगू नका. दिवस गेलेत हेच कुणाला ठाऊक नव्हतं, मग हे तरी कशाला?”

“माझ्या तोंडाला कुलूप,” विजयमालाबाई म्हणाल्या, आणि अगदी मनापासून म्हणाल्या.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी शेजारच्या चंद्रभागाबाईंनी कुंपणावरून विचारलं, “सूनबाई दिसंना ती?” तेव्हा “डोकं दुखतंय तिचं,” एवढं सांगून त्या आत पळाल्या. तीन दिवस ही गोष्ट पोटात ठेवणं त्यांना चाळीस दिवसांच्या उपासापेक्षा जड गेलं.

रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणं विचारलं, “कुणाची प्रार्थनेची विनंती?”

विजयमालाबाई उठल्या. “माझ्या सुनेसाठी प्रार्थना करा. कारण सांगता येत न्हाई.”

इथवर शब्द शाबूत होता. पण खाली बसता बसता हुंदका फुटला आणि मागच्या सतरंजीवरून मंडळातल्या मंगलबाई पुढं झुकल्या. “कावून गं? दिवस होते का तिला?”

विजयमालाबाईंनी डोळे मिटले आणि मान हलवली. मिटल्या डोळ्यांनी हलवलेली मान म्हणजे सांगणं नव्हे, तीही प्रार्थनाच, असा त्यांचा स्वतःशी हिशोब.

दुपारी अकरा बायका आल्या. नारळपाणी आलं, बिस्किटांचे पुडे आले. करिष्माला मधे बसवून सगळ्यांनी पाळीपाळीनं प्रार्थना केली. एकीनं पुढच्या वर्षी जुळी मागितली, दुसरीनं त्याच दमात आपली गुडघेदुखीही उरकून घेतली. मंगलबाईंनी ‘आमेन’ म्हणता म्हणता विचारलं, “स्कूटीवर बसत होतीस काय गं?” मग सगळ्यांची नजर स्वयंपाकघराकडं वळली. सांत्वनाला आलेल्यांना चहाशिवाय पाठवायची रीत नाही. विजयमालाबाई गाणं म्हणण्यात रंगल्या होत्या. शेवटी करिष्माच उठली आणि एक हात कमरेवर ठेवून तिनं अकरा कप आणले. बारावा सासूच्या हातात दिला.

“साखर बघा, मम्मी.”

विजयमालाबाईंनी तो कप न पिताच खाली ठेवला.

बायका गेल्या तेव्हा करिष्मा बॅग भरत होती. “तुमच्या सत्यमला सांगितलंय मी. उद्या अकराच्या गाडीनं पाटोद्याला जाते, आईकडं.”

“किती दिवस?”

“बघू.”

मंडळातल्या सुनांचे असले ‘बघू’ विजयमालाबाईंनी पाच ऐकले होते. त्यातल्या दोघीच परत आल्या होत्या.

“ये, बस इथं. प्रार्थना करू.”

“नको मम्मी. तुमची प्रार्थना देवाच्या आधी मंगलबाईंना पोचते.”

सोमवारी सकाळी दहाला दारात जीप थांबली. बातमी पाली गावापर्यंत पोचली होती; तिथल्या चर्चच्या पाळकीणबाई सहा बायका घेऊन आल्या होत्या. विजयमालाबाई दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या राहिल्या.

“जय ख्रिस्त, बाई. कशी हाय सून?”

“जय ख्रिस्त. आत न्हाई जायचं.”

“कावून? झोपली का?”

झोपली, हा शब्द जिभेवर आलाच होता. त्यांनी तो गिळला. “जागी हाय. तिनं मला कुणाला सांगू नका म्हणलं व्हतं, आन् मी सांगितलं. आता विनंती घ्यायची तर माझी घ्या. माझ्या जिभेसाठी.”

डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत, हे सातजणींपैकी एकीलाही कळेना. अखेर पाळकीणबाईंनी केळ्यांची फणी उंबऱ्यावर ठेवली, विजयमालाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि जीप वळली. त्या घरातून चहा न घेता गेलेली सांत्वनाची ती पहिलीच मंडळी.

विजयमालाबाईंनी आत जाऊन चहा टाकला. करिष्मा भरलेल्या बॅगेजवळ बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“एवढं कावून बोललात त्यांच्यासमोर?”

कप तिच्या हातात देऊन विजयमालाबाई जमिनीवर बसल्या. “सत्यमच्या आधी माझंबी एक गेलतं. पाचव्या महिन्यात. सासूबाई म्हणल्या, वाच्यता करायची न्हाई. मग कुणाला कळलं न्हाई, कुणी आलं न्हाई. बायका हापशावर जायच्या, हसत-बोलत यायच्या, मी दारातनं बघायचे. तवापास्नं वाटतं, दुःख झालं की घर माणसांनी भरलं पाहिजे. तुलाबी तसंच लागंल, असं धरून चालले.”

“मला न्हाई तसं लागत, मम्मी.”

“आता कळलं.”

करिष्मानं चहाचा एक घोट घेतला. “सत्यमला माहीत हाय हे?”

“आज पहिल्यांदा बोलले कुणाजवळ. मंगलबाईंना सांगू नको.”

करिष्मा हसली, आणि ते हसणं अर्ध्यावरच रडण्यात गेलं. गुरुवारपासून ती पहिल्यांदाच रडत होती. विजयमालाबाईंनी तिचा हात धरला. सवयीनं ओठ हलले, पण आवाज आतच राहिला. रस्त्यावरून अकराची गाडी हॉर्न देत गेली.

“दुपारची हाय एक,” करिष्मा नाक पुसत म्हणाली.

दुपारची गेली तेव्हा दोघी पालीच्या केळ्यांची शिकरण करत होत्या.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, “कुणाची विनंती?” सगळं चर्च विजयमालाबाईंकडं वळलं. त्या मांडीवर हात ठेवून गप्प. मंगलबाई तर काळजीनं अर्ध्या उठल्या. शेवटी शेजारी बसलेल्या करिष्मानं कोपर मारलं.

“उठा मम्मी. लोक घाबरलेत.”

विजयमालाबाई उठल्या. “एकजण हाय,” त्या म्हणाल्या. “कोण ते देवाला ठाऊक हाय.”

आणि खाली बसल्या. मंगलबाई लगेच पुढं झुकल्या, पण मधे करिष्मानं आपला पदर नीट करायला घेतला होता, आणि तो काही केल्या लवकर नीट होईना.