पाचवा पुंकेसर

माझ्या कामात चूक सापडत नाही, असा माझा लौकिक होता आणि तो बराचसा मीच पसरवला होता. वनस्पती संग्रहालयात बावीस वर्षं मी झाडांची चित्रं काढतेय. पाकळीवरची शीर इकडची तिकडे झालेली मला खपत नाही आणि दुसऱ्याची चूक दिसली तर मी त्याला सोडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला माझी कीव यायला नको.

आमचे जुने सहकारी, सगळे ज्यांना काका म्हणत, ते आम्हाला डोंगरातून नमुने आणून देत. संग्रहालयातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांचा पाय घरात ठरत नव्हता. त्या वर्षी त्यांनी एक झुडूप आणलं. झुडूप कसलं, जेमतेम वीतभर उंचीचं खुरटं! पण बुंधा लाकडासारखा कडक, कडा आत वळलेली बारीक पानं, पानांच्या पाठीवर पांढरी लव आणि घंटेसारखी फिकट जांभळी फुलं. तसलं झुडूप आमच्या कपाटात आधीच होतं. फरक एवढाच की त्याच्या फुलात चार पुंकेसर होते आणि काकांनी वहीत लिहिलं होतं, ‘पाच. पाचवा आखूड, मागे दडलेला.’ ते खरं असेल तर हे झुडूप वेगळं, आजवर कुणीच न नोंदवलेलं. आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेल्या झाडांना चिठ्ठ्या लावणाऱ्या काकांच्या नावावर निदान हे एक लागणार होतं.

वाळलेल्या नमुन्यावर एकच धड फूल उरलं होतं. मी ते गरम पाण्यात मऊ केलं, भिंगाखाली सुईने आणि बारीक ब्रशने उघडलं, मोजलं. चार भरले.

आमच्या मुख्य मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, “चार की पाच?”

“चार,” मी म्हणाले. “काका, चष्मा बदला आता. नाहीतर पुढच्या वेळी पाच पायांचा हत्ती घेऊन याल.”

सगळे खो खो हसले. काकाही हसले, मग शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत बसले. अहवालात नोंद झाली, ‘निरीक्षणातील चूक.’

चार दिवसांनी तो ब्रश धुताना त्याच्या केसांत काहीतरी अडकलेलं दिसलं. भिंगाखाली धरलं. आखूड पुंकेसर, बुडाशी इतर चौघांसारखीच लव. फूल उघडताना माझ्याच हातून निसटला होता. मी तो कागदाच्या पाकिटात घातला आणि पाकीट खणाच्या तळाशी सारलं. उद्या सांगू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी मॅडम रजेवर होत्या. मग छपाईची गडबड निघाली. पुढे पुढे तर कारण शोधायचीही गरज वाटेनाशी झाली.

सहा आठवड्यांनी मॅडम म्हणाल्या, “काकांनी कळवलंय, आता डोंगरात जाणार नाहीत. डोळ्यांचा भरवसा राहिला नाही म्हणे.”

त्याच दुपारी मी पाकीट घेऊन त्यांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं.

“बरं झालं आलीस. नुसते बसून असतात गं. पेपरसुद्धा माझ्याकडून वाचून घेतात. डॉक्टर म्हणतात डोळे ठणठणीत आहेत, पण यांना पटेल तर ना!”

काका खिडकीशी बसले होते. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं.

“काका, पाचच होते. हा माझ्या ब्रशला चिकटला होता.”

क्षणभर त्यांना काही उमगलंच नाही. मग ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, “अगं, ऐकलंस का? पाचच होते!” त्यांचा चेहरा इतका फुलला की मला तिकडे बघवेना. “कधी सापडला गं?”

“आज सकाळी.”

तोंडातून कसं गेलं, माझं मलाच कळलं नाही.

काकांनी पाकीट उजेडात धरलं. आम्हा संग्रहालयातल्या लोकांच्या हाताला खोड असते. पाकिटाची घडी घातली की त्यावर क्रमांक, तारीख आणि सही. पुंकेसर सापडला त्या दिवशीही मी ते सगळं लिहिलं होतं, माझ्या सुबक अक्षरात. काकांचं बोट तारखेखाली थांबलं. ते तिथेच राहिलं आणि चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं.

काकू हात पुसत बाहेर आल्या. “काय झालं?”

काकांनी पाकीट उलटं करून मांडीवर ठेवलं.

“काही नाही. हिला आज सकाळी सापडला म्हणे. हातातलं काम टाकून धावत आली बिचारी. चहा टाक.”

“गुणाची गं बाई!” काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी चहा आला तेव्हा मी तो प्याले आणि काकू “अजून घे” म्हणाल्या तेव्हा कपही पुढे केला.