मोटरसायकलची गरम आंघोळ

नोव्हेंबर लागला की आमच्या खोऱ्यात मिठाची गाडी फिरू लागते. रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून कौन्सिलवाले पहाटे खडेमीठ फेकत जातात, आणि पुढचे साडेचार महिने आमचे बूट, कुत्र्यांचे पंजे, मोटारींची पोटं असं सगळं खारट होऊन जातं. डोंगरावरच्या मेंढ्या दगडी कुंपण ओलांडून रस्ता चाटायला येतात. तेवढ्यांचाच काय तो फायदा.

अशा रस्त्यावर भर हिवाळ्यात मोटरसायकल काढणारी गावात दोनच माणसं: फ्रेडा कॅपस्टिक आणि नॉरिस फॉसेट. माझं दुकान वळणावर असल्यामुळे दोघांच्याही जाण्यायेण्याची नोंद आपोआप माझ्याकडे राहते.

फ्रेडा पायांचं बघते. वय अठ्ठावन्न. वरच्या शेतघरांत ज्यांना आता खाली वाकता येत नाही त्यांची नखं कापायची, कुरुपं काढायची, टाचेच्या भेगांना मलम लावायचं, हा तिचा धंदा. एकतीस माणसं, एकसष्ट पाय. अ‍ॅम्ब्रोज टेनंटचा एक ट्रॅक्टरखाली गेला. मोटारीच्या परीक्षेत ती तरुणपणी चारदा नापास झाली आणि पाचव्यांदा तिनंच परीक्षकाला नापास केलं, तेव्हापासून मोटरसायकल. बस म्हणाल तर मंगळवारी येते, आणि तीही डोंगरावर चढत नाही.

नॉरिस म्हणजे आमचा गॅरेजवाला. वय सत्तर. गाड्यांचं वर्षाचं पासिंग खोऱ्यात तोच करतो, आणि पासिंगच्या वेळी त्याला नातंगोतं आठवत नाही. सख्ख्या मेव्हण्याची व्हॅन त्यानं नाताळच्या आदल्या दिवशी नापास केली होती. फ्रेडाची आधीची मोटरसायकलही त्यानंच संपवली. सांगाडा तपासायला हातोडी मारली, तर पिकल्या पेअरमध्ये चमचा जावा तशी ती आत गेली. मिठानं आतून खाल्लं होतं. ते अख्खं वर्ष फ्रेडा पायी, नाहीतर कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून हिंडली. मग गेल्या वसंतात साठवलेलं होतं नव्हतं ते घालून तिनं लाल गाडी घेतली, आणि मला सांगून ठेवलं की हीसुद्धा गेली तर तिसरी घ्यायची ऐपत नाही. धंदा बंद करीन आणि लीड्सला बहिणीकडे जाईन. बहिणीचं आणि तिचं जेमतेम तासभर जमतं. म्हणजे विचार किती गंभीर होता बघा.

म्हणून या हिवाळ्यात तिनं गाडीला जपायचं ठरवलं. रोज फेरी संपली की अंगणात बादली. वाफाळतं पाणी, हातभर फेस, स्पंज, आणि कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश. तान्ह्या पोराला कुणी इतकं न्हाऊ घालत नाही. गावातल्या बायका नवऱ्यांना खिडकीशी आणून दाखवायच्या. नॉरिसची गाडी मात्र ऑक्टोबरातच चिखलाच्या रंगाची व्हायची आणि मार्चपर्यंत तशीच राहायची; अंगाला काहीतरी चिकट फासलेलं, वर धुळीचा थर. त्यानं फ्रेडाची शिकवणी लावावी असं सगळेच म्हणायचे. त्यात मी पुढे.

जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी नॉरिस मांसाचं सारण भरलेला पोर्क पाय घ्यायला आला, तेव्हाही मी हेच सुरू केलं. फ्रेडाचं पासिंग गुरुवारी होतं. म्हटलं, बघ, अशी चकचकीत गाडी तुझ्या गॅरेजात वर्षात आली नसेल. आणि कौतुकाचा पुरावा म्हणून माझा हिशोब सांगितला: भांडी घासायच्या लिक्विडच्या डिसेंबरात पाच बाटल्या, जानेवारीत आतापर्यंत पाच. एकटी राहणारी बाई, तिची भांडी ती किती? सगळं गाडीसाठी.

नॉरिसनं हातातला पोर्क पाय काउंटरवर ठेवला. कुठलं लिक्विड, म्हणून विचारलं. मी बाटली दिली. चष्मा लावून त्यानं मागची बारीक अक्षरं वाचली, दोनदा.

"हिल्डा, यात मीठ आहे."

"भांड्यांच्या साबणात मीठ कशाला घालतील?"

"दाट दिसायला. तू सूप उकळताना त्यात पीठ घालतेस तसं. आणि पाणी गरम घेते ती?"

"चांगलं वाफाळतं."

त्यानं चष्मा काढला. मग जे सांगितलं ते असं: साबणातल्या मिठाचं एवढं नाही, पण भांड्यांवरचं तूप काढणारा साबण गाडीवरचं मेण आणि ग्रीस ठेवील होय? लोखंड उघडं पडतं. त्यावर गरम पाण्यानं रस्त्याचं मीठ विरघळून सांध्यासांध्यात शिरतं. मीठ थंडीत आळशी असतं, ऊब मिळाली की कामाला लागतं. पाणी थंडच हवं, साधं, भरपूर. मग कोरडं करायचं, मग चरबीचा थर. तीन महिने तिनं रोज संध्याकाळी नेमकं उलटं केलं होतं, आणि आम्ही खिडकीतून टाळ्या वाजवत होतो.

तिला कुणी सांगायचं यावर आमची थोडी झटापट झाली. नॉरिस म्हणाला, गुरुवारी मला तपासायची आहे, आज मी तोंड उघडणार नाही. "बाटल्या तू विकल्यास. तूच सांग."

मी गेले तेव्हा फ्रेडा मागचं चाक घासत होती. मी सांगितलं, जमेल तितकं गोड करून सांगितलं, पण त्या बातमीत गोड करण्यासारखं फार नव्हतं. ती वाद घालील असं वाटलं होतं. तिनं स्पंज खाली ठेवला, बादली गटारात ओतली, आणि टॉर्च घेऊन ओल्या फरशीवर कोटासकट आडवी झाली. मग मलाही गुडघे टेकावे लागले. वरून लालभडक दिसणाऱ्या त्या गाडीच्या पोटाखाली तपकिरी फोड आले होते. खालच्या नळीवर तर सलग. फ्रेडानं अंगठ्याचं नख लावलं आणि पोपडा सुटून तिच्या बाहीवर पडला.

"मी हिला स्वतःच्या हातानं मारलं," ती म्हणाली.

अशा वेळी माणूस काहीतरी मूर्खासारखं बोलतो, तशी मी बोलले. दुकानात शेगडीला लावायचा काळा रंग आहे, म्हटलं, खालून एक हात मारून दे, कोण बघतंय?

फ्रेडानं टॉर्च माझ्या तोंडावर धरला. "पायातलं कुरूप रंगवून बरं होतं का गं?"

मंगळवार आणि बुधवार तिनं नेहमीसारखी फेरी केली. कुणाला काही सांगितलं नाही. फक्त सगळ्यांची नखं रोजच्यापेक्षा आखूड कापली. जिथे जायची वेळ पुढच्या आठवड्यात होती तिथेही जाऊन कापली. म्हातारी माणसं वाकू शकत नाहीत, पण समजत नाही असं थोडंच आहे? बुधवारी संध्याकाळपर्यंत पूर्ण खोऱ्याला कळलं होतं की फ्रेडा निरोपाची नखं कापते आहे.

गुरुवारी सकाळी दहाला मी दुकानाला 'लगेच येते' पाटी लावली आणि गॅरेजात जाऊन उभी राहिले. नॉरिसनं मला बोलू नकोस अशी खूण केली. दिवे, हॉर्न, टायर, ब्रेक. एकेक गोष्ट तपासून तो कागदावर खूण करत होता, आणि फ्रेडा भिंतीवरच्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरकडे मन लावून बघत होती.

मग त्यानं खाली बसून हातोडी घेतली. टण, टण, टण, असा मागून पुढे येत गेला. खालच्या नळीशी आला आणि आवाज बदलला. थप्प. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा.

नॉरिस थांबला. परत मारली. परत थप्प.

फ्रेडानं कॅलेंडरकडे पाठ केली, पण जवळ गेली नाही. नॉरिसनं खाली वर्तमानपत्र पसरलं आणि खरवडणी लावली. पोपडे पडत राहिले. मग नळीच्या मागून मिठामातीचा मुठीएवढा घट्ट गोळा निघून कागदावर आपटला. त्यानं तारेचा ब्रश घेतला. किती वेळ घासत होता देव जाणे. माझा हिशोब त्या दिवशी चालत नव्हता.

"पोरी, इकडे ये," तो म्हणाला. "खाली बस. बोट लाव इथे."

फ्रेडानं बोट लावलं.

"काय लागतंय?"

"खरखरीत आहे. पण घट्ट लागतंय."

"लोखंड आहे ते. पूर्ण जाडीचं." त्यानं हातोडी तिच्याच हातात दिली. "मार. जोरात मार, माझ्यावरचा राग काढ."

तिनं मारली. टण. आणखी एकदा मारली, मग तिसऱ्यांदा, गरज नसताना.

गंज वरच्या वरच होता, आणि तो थप्प आवाज मागच्या गोळ्याचा. असाच आणखी एक हिवाळा न्हाऊ घातली असती तर मात्र हातोडी आत गेली असती, हे तिला सांगायला त्यानं सोडलं नाही. कागदावर 'पास' लिहिलं, खाली दोन सूचना लिहिल्या, सही केली. फ्रेडा उपड्या क्रेटवर बसली आणि तिनं तो कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला. मग चहा मागितला. तीन चमचे साखर घालून, आणि ही बाई साखर घेत नाही.

चहा झाल्यावर नॉरिसनं एक डबा उघडला. लोकरीची चरबी; मेंढीच्या लोकरीतून निघते ती, पिवळट आणि चिकट. भिजलेल्या कळपाचा वास गॅरेजभर झाला. ब्रश कुठे आहे, फ्रेडानं विचारलं. ब्रश कोपऱ्यात पोचत नाही, हातानंच, तो म्हणाला. दुसऱ्याच्या पायाला हातमोज्याशिवाय न शिवणारी ती बाई कोपरापर्यंत बाह्या सारून बसली.

"किती लावू?"

"गावात न्यायला लाज वाटेल इतकी."

मी दुकानात परतले तर पाटीखाली वाऱ्यात सात माणसं उभी. कुणाला टपालाची तिकिटं हवी होती, कुणाला काड्यापेटी. मी म्हटलं, पास झाली. कुणी जल्लोष केला नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. एकजण म्हणाला, "हं. वाईट नाही." दुसऱ्यानं वारा फिरल्याचं सांगितलं. मग सातही जण आत आले आणि प्रत्येकानं केक घेतला.

त्यांत मॉड डिन्सडेल होती, वय ब्याऐंशी. साडेअकराची फ्रेडाची वेळ खरं तर तिच्याच घरची होती, आणि फ्रेडा येणार की नाही हे बघायला ती दुखऱ्या पायांनी दीड मैल खाली चालत आली होती. आता घरी कशी जाणार, हे तिच्या लक्षातच नव्हतं. तेवढ्यात फ्रेडाची गाडी वळणावर आली. चरबीखाली लाल रंग औषधालासुद्धा उरला नव्हता. मी बाहेर धावत जाऊन तिला थांबवलं.

मॉडला आम्ही बटाट्याच्या पोत्यावर बसवलं. फ्रेडानं माझ्या मोरीत तीनदा हात धुतले, पण ती चरबी काही निघेना, आणि हातमोजे चिकट बोटांवर चढेनात. शेवटी तशाच हातांनी तिनं मॉडची टाच मांडीवर घेतली.

मॉडनं डोळे मिटले. "आज हात कसे मऊ लागतायत गं तुझे. काय लावलंस?"

"मोटरसायकलला लावतात ते."

"मग दुसऱ्या पायालाही लाव," मॉड म्हणाली.