चावीत कचरा नव्हता

मी चावी बोलतेय. लगेच खिसे चाचपू नका, मी कुलपाची नाही. मी मोर्सची चावी. पितळेचा एक दांडा, त्याच्या टोकाला काळी गोल घुंडी, मधे स्प्रिंग आणि खाली लाकडी पाट. घुंडी दाबली की माझी दोन टोकं एकमेकांना शिवतात, आणि शिवलेली असेपर्यंत मागचा रेडिओ आकाशात सूर सोडतो. थोडं दाबलं की टिंब, जास्त दाबलं की रेघ. टिंबारेघांची अक्षरं होतात, अक्षरांचे शब्द. एवढीच माझी विद्या, पण ती मला पक्की येते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. लोक आपली जीवनकहाणी सांगताना त्याग, सेवा, झिजणं असलं काहीबाही सांगतात. मीही झिजले आहे. पण सध्या झिजते त्यापेक्षा जळते जास्त.

माझा जन्म एका लेथवाल्याच्या कारखान्यात झाला. नळाच्या तोट्या करून उरलेल्या पितळी गजातून त्याने मला काढलं. माझ्या बहिणी कुणाच्या तरी मोरीत गळत बसल्या असतील, मी मात्र चांगल्या घरी पडले. माझे मालक घड्याळजी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत रेडिओ. दिवसभर डोळ्याला भिंग लावून ते लोकांच्या वेळा दुरुस्त करत, आणि दिवेलागणीला शटर अर्धं ओढून माझ्यापाशी येत. माझ्या दोन टोकांमधली फट त्यांनी स्वतः जुळवली होती, वर्तमानपत्राचा कागद जेमतेम जाईल एवढीच. मला बसायला हिरव्या बनातीचा तुकडा होता. चष्मा पुसायच्या मऊ फडक्याने ते आधी मला पुसत आणि मग चष्मा. हा क्रम लक्षात ठेवा.

मालकांचा शौक जरा जगावेगळा. हौशी रेडिओवाले पुष्कळ असतात, पण बहुतेकांचा ओढा लघुलहरींकडे, कारण तिथून जगभर बोलता येतं. मालकांना मध्यम लहरींचा एक चिंचोळा पट्टा आवडे. पूर्वी त्या बाजूला बोटी बोलायच्या. बोटींनी उपग्रह धरले, तिकडे सामसूम झाली, आणि चिंधीएवढा तुकडा हौशी माणसांच्या वाट्याला आला. त्याला तार लागते लांबलचक. आमची गच्चीवरून थेट पलीकडच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेली होती. शेजारीण विचारायची, "एवढी मोठी दोरी बांधलीत, मग कपडे का नाही वाळत घालत?" दिवसा या लहरी गावाची वेस ओलांडायला कुरकुरतात. ऊन उतरलं की मात्र त्यांचे पाय मोकळे होतात.

त्या पट्ट्यावर मालकांचा एक मित्र होता, बत्तीवाला. दीपगृहावर नोकरी करून निवृत्त झालेला, समुद्राकाठी एकटा राहणारा. दोघे कधी भेटले नाहीत की फोनवर बोलले नाहीत. "फोनवर काय, कुणीही बोलतं," मालक म्हणायचे. तो मालकांना टिकटिक्या म्हणायचा.

मोर्सवाल्यांमध्ये माणूस हातावरून ओळखतात. जिन्यावरची पावलं ऐकून कोण आलं ते तुम्हाला कळतं ना, तसंच. बत्तीवाला रेघा ऐसपैस ओढायचा, जेवण झाल्यावर भिंतीला टेकून बोलल्यासारखा. मालकांचा हात घड्याळासारखा नेमका. त्यांचं एखादं टिंब कधी लांबलं नाही की तुटलं नाही, आणि त्यात निम्मं श्रेय माझं होतं असं मी आजही म्हणेन.

त्यांची निरोपाची एक रीत होती. सगळं बोलून झालं की एकाने दोन टिंबं द्यायची आणि दुसऱ्याने दोन परत करायची. कट्ट, कट्ट. अर्थ म्हणाल तर काही नाही. पण ती परत न करणं म्हणजे पाहुणा अजून उंबऱ्यावर असताना दार लावून घेणं. आमच्या घरून ते कधी घडलं नाही.

मग मालकांचा हात थरथरायला लागला.

सगळ्यांच्या आधी ते मला कळलं. मालकीणबाईंना कळलं ते बशीत चहा सांडायला लागल्यावर. दुकानात त्यांनी बायकांची लहान घड्याळं घेणं बंद केलं, आणि माझ्यावर एका टिंबाची दोन टिंबं व्हायला लागली. मोर्समध्ये एक टिंब वाढलं की अक्षरच बदलतं. एका संध्याकाळी पलीकडून बत्तीवाल्याने विचारलं, "टिकटिक्या, तुझ्या खुर्चीत दुसरं कुणी बसलंय का?"

मालकांनी कपाळ पुसलं. आणि माझ्याच घुंडीवर बोट ठेवून त्यांनी उत्तर दिलं, "नाही रे. चावीत कचरा गेलाय."

नाचता येईना, अंगण वाकडं! बरं, ते वाक्य पाठवायला लावलं कुणाला, तर मलाच. माझी बदनामी माझ्याच तोंडून. फटीत कागद घालून मला रोज साफ करणारा हा माणूस, आणि म्हणे कचरा!

त्यानंतरच्या आठवड्यात लेक माहेरपणाला आली आणि येताना तिचा जुना लॅपटॉप घेऊन आली. "बाबा, सध्या सगळे डिजिटलवर गेलेत. यात एकदा मजकूर टाकायचा, हा आपोआप पाठवतो. आणि कानाला ऐकूच येत नाही ना, तेसुद्धा खरखरीखालून उपसून काढतो." मालकांनी अगदी आनंदाने मान हलवली. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे बघून तशी मान हलवल्याचं मला आठवत नाही.

सवत बाईच असावी लागते असं कोण म्हणालं? हा पुरुषजात होता, तरी मला सवतीसारखाच आला. टेबलाची मधली जागा त्याला मिळाली. मी खिडकीत गेले, वर्तमानपत्रातली शब्दकोडी उडू नयेत म्हणून त्यांच्यावर. माझा बनातीचा तुकडा काढून त्याच्या माउसखाली घातला. नाव उंदराचं आणि गादी माझी! आणि ते मऊ फडकं आठवतं ना? आता आधी त्याचा पडदा पुसला जाई, मग चष्मा. मी तिसरीसुद्धा नव्हते.

आणि त्याचं बोलणं काय म्हणता? ठरलेल्या मिनिटाला एक लांब रडका सूर, बस्स. ना लय, ना लाडीगोडी. घड्याळजी पाठवो की घड्याळजींचं मांजर, सूर तोच. पण मालक खूश होते, कारण त्यात हात दिसत नव्हता. मालकांच्या मागोमाग बत्तीवाल्यानेही भाच्याकडून तसलंच यंत्र बसवून घेतलं. मग दोघांचं बोलणं आटत गेलं. त्या यंत्रांना आणखी एक कला येत होती. खुर्चीत कुणी नसलं तरी ती थोड्याथोड्या वेळाने आपणहून सांगत राहायची, 'मी अमुक, मी इथे आहे.' संध्याकाळी मालक पडद्यावर डोकावत, बत्तीवाल्याची ओळ दिसली की म्हणत, "बत्ती चालू आहे," आणि चहाला जात. दोन टिंबं कुणी दिली नाहीत, कुणी मागितली नाहीत. मी खिडकीत बसून हिरवी होत होते. पितळेला हवा लागली की होतं तसं, आणि थोडी तशीही.

एके सकाळी दुकानातला फोन वाजला. मधलं दार अर्धं उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं.

"मी बत्तीवाल्यांचा भाचा बोलतोय. मामांनी तुम्हाला कळवायला सांगितलंय. ते जिन्यावरून पडले, परवा दुपारी. मांडीचं हाड मोडलंय. रात्रभर तिथंच पडून होते, काल सकाळी दूधवाल्याने पाहिलं."

"परवा?" मालक म्हणाले. "अहो, असं कसं? परवा संध्याकाळी ते होते की. मी पाहिलं ना. कालही पाहिलं."

"ते मशीन चालू राहिलं होतं हो," भाचा म्हणाला. "मामा म्हणत होते, खाली पडल्या पडल्या वरच्या खोलीतून त्याचा आवाज येत होता."

मालक मागच्या खोलीत आले. भिंग डोळ्याला तसंच होतं. मालकीणबाई हात पुसत आल्या.

"तो जिन्यात पडला होता," मालक म्हणाले, "आणि मी इथे बसून म्हणत होतो बत्ती चालू आहे. चावीवर असतो ना, तर पहिल्याच हाकेला ओ नाही म्हटल्यावर मी अख्खं गाव उठवलं असतं."

सवतीची अशी फजिती झाल्यावर माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. मी खूश झाले. एक माणूस हाड मोडून पडला आणि मी खिडकीत खूश झाले. मत्सराला लाज नसते म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच म्हणत असावेत.

मालकांनी मला उचललं, हिरवटपणा घासून काढला, रेडिओला जोडलं, आणि मला वाटलं, आले माझे दिवस परत. पण घुंडीवर बोटं आली. थरथर खूप वाढली होती. साधं स्वतःचं नाव धड उमटेना. मालकांनी रेडिओ बंद करून तसाच सराव केला, पुन्हा केला, आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिले.

"तो दवाखान्यातून घरी आलाय," ते म्हणाले. "वाट बघत असेल. पण असला हात घेऊन कसा जाऊ त्याच्यासमोर?"

"अहो, तो मोडलेलं हाड घेऊन भाच्याकरवी तुम्हाला कळवतो," मालकीणबाई म्हणाल्या, "आणि तुम्हाला हाताची लाज वाटते? परक्यापासून लपवावं माणसानं. तो काय परका आहे?"

वाट काढली ती लेकीने, फोनवरून. "बाबा, अगदी सावकाश पाठवा. एक टिंब तीन सेकंद दाबून धरायचं आणि रेघ त्याच्या तिप्पट. मधे हात हलला तरी बिघडत नाही. कानाला काही कळणार नाही, पण लॅपटॉपच्या पडद्यावर आवाजाचं चित्र सरकत असतं ना, त्यात टिंबारेघा उमटतात. ते डोळ्यांनी वाचायचं."

ऐकलंत? बोलणार मी, आणि वाचणार तो! माझी अक्षरं त्याच्या तोंडावर! त्यापेक्षा शब्दकोडी बरी, असं मला त्या क्षणी वाटलं. पण मला कोण विचारतो? लेकीने बत्तीवाल्याच्या भाच्यालाही सगळं समजावून सांगितलं, आणि त्याने मामांचा रेडिओ खाली त्यांच्या खाटेपाशी आणला.

त्या संध्याकाळी दूर कुठेतरी ढग गडगडत होते. रेडिओत नुसती खरखर आणि मधूनच कडकडाट. मालकांनी बोट ठेवलं आणि दाबलं. बोट हलत होतं, माझी टोकं क्षणभर सुटत, पुन्हा शिवत. मी सगळा जोर लावून चिकटून राहिले. आपलं नाव, त्याचं नाव, आणि मग तीनच शब्द. 'हात थरथरतो माझा.' एवढं सांगेपर्यंत शेजारचा चहा गार झाला. मालकीणबाईंनी तो उचलला नाही, की नवा आणला नाही.

मग आम्ही वाट पाहिली. कानाला खरखरीपलीकडे काही नव्हतं. पडदा सरकत होता, राखाडी, रिकामा. आणि त्या राखेत एक फिकट रेघ उठली, ऐसपैस, भिंतीला टेकलेली. तीन सेकंदांच्या टिंबांतही हात लपत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मालक एकेक अक्षर मोठ्याने वाचत होते. शेवटी पूर्ण वाक्य झालं.

'तर मग चावीत कचरा नव्हता.'

मालक हसले. मग चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. "याला तेव्हाच कळलं होतं गं," ते बायकोला म्हणाले. "सगळं कळलं होतं, आणि मी सांगेन म्हणून थांबला."

पडद्यावर आणखी दोन टिंबं आली, तीन-तीन सेकंदांची. मालकांनी थरथरत्या बोटाने दोन परत केली. इतकी सावकाश, की मालकीणबाईंनासुद्धा मोजता आली.

आता मी पुन्हा टेबलावर आहे, त्या लॅपटॉपच्या शेजारी. बनातीच्या तुकड्याचे कात्रीने दोन भाग झाले. मी नीट पाहिलंय, त्याच्या वाटचा जरा मोठा आहे. फडक्याचा क्रम आता चष्मा, मी, तो, असा आहे. चालवून घेते. माझं बोलणं त्याच्या डोळ्यांनी वाचलं जातं हे मला अजून खुपतं, आणि त्याच्यावाचून त्या संध्याकाळी मी खरखरीत हरवले असते, हे त्याहून जास्त खुपतं. हे त्याला सांगू नका.

मालकांची थरथर वाढतेच आहे. एक दिवस तीन सेकंदसुद्धा पेलवणार नाहीत. त्या दिवशी मला कुठेही ठेवा, फक्त कुलपांच्या चाव्यांच्या डब्यात टाकू नका. आणि तुम्हालाही एक मागणं आहे. तुमचं कुणी लांबचं माणूस रोज पडद्यावर दिसत असेल, तर एकदा हाक मारून बघा. ते स्वतः ओ देतं का ते ऐका.

निघते मी. कट्ट, कट्ट. आता तुम्ही जिथे बसला असाल तिथे बोटाने दोनदा वाजवा. मी अजून उंबऱ्यावरच आहे.